कॅमेरा करवतीवर, धोका दोरापाशी

प्रश्न कुडाळजवळच्या एका काजू बागायतदारांचा आहे. थोडक्यात असा: 'अ‍ॅक्स मेन'सारखे अमेरिकन लाकूडतोड्यांचे कार्यक्रम मी आवडीने बघतो. त्यातली यंत्रं, कपडे, भोंगे हे सगळं खरं असतं की टीव्हीसाठी उभं केलेलं? काही जण मांड्यांवर जाड संरक्षक बांधतात, काही बांधत नाहीत, ते कसं चालतं? आणि एवढा सगळा जामानिमा असूनही तिथे माणसं का दगावतात? मी स्वतः गेल्या वर्षी चेनसॉ घेतला. फोटो पाठवतोय, माझं काय चुकतंय ते सांगा.

फोटोत ते स्वतः बर्म्युडा आणि स्लिपरवर, वाळलेल्या अकेशियाच्या बुंध्याशी करवत लावून वाकलेत. पलीकडे पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा झाडाच्या मध्यावर बांधलेला दोर दोन्ही हातांनी ताणून उभा आहे. फोटोकडे शेवटी येतो.

माझ्याबद्दल एवढंच, की दापोलीला वनशास्त्र शिकलो, पुढच्या शिक्षणाला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आलो आणि इथेच राहिलो. लाकूडतोडीच्या जागांवर सुरक्षेचं काम बघतो. म्हणजे टोळ्यांना शिकवणं, जागेची पाहणी, आणि काही विपरीत झालंच तर ते कसं झालं याचा माग काढणं. 'अ‍ॅक्स मेन' हिस्टरी चॅनेलवर मार्च २००८ मध्ये सुरू झाला. पहिल्या मोसमातल्या चारही टोळ्या आमच्याच भागातल्या, वायव्य ओरेगनातल्या. त्यामुळे इथल्या जंगलात त्या कार्यक्रमाबद्दल प्रत्येकाला मत आहे आणि बहुतेक मतं छापण्याजोगी नाहीत.

सरळ उत्तर द्यायचं तर सामान खरं, माणसं खरी, उतार खरा, आणि चिखल तर शंभर टक्के खरा. खोटा असतो तो वेळ. दहा तासांच्या दिवसातली सात-आठ मिनिटं तुम्ही बघता, आणि ती कुठली ठेवायची हे संकलन करणारा ठरवतो. त्याला आदळआपट लागते. आमच्या धंद्यात माणूस वाचतो तो बहुतेक वेळा काहीच न घडणाऱ्या मिनिटांमुळे, आणि ती मिनिटं आधी कापली जातात.

झाड पाडणाऱ्याचंच बघा. इथे त्याला कटर किंवा फॉलर म्हणतात. टीव्हीवर तो येतो, करवतीची दोरी ओढतो, भुसा उडतो, डग्लस फर तीन कॅमेऱ्यांतून सावकाश कोसळते. प्रत्यक्षात तो आधी झाडाभोवती मान मागे टाकून फिरतो. शेंड्याचा कल किती, वजन कुठल्या बाजूला, वर मोडून अडकलेली फांदी आहे का. अशा लटकलेल्या फांदीला इथे 'विधवा करणारी' म्हणतात, आणि ते विनोदाने म्हणत नाहीत. मग कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर दोन-तीन ठोके. भरीव खोड टणक बोलतं, पोकळ खोड मडक्यासारखं. मग पायाजवळची झुडपं साफ करून पळायची वाट काढायची. ती झाड पडणार त्याच्या बरोबर मागे नसते, तिरकी मागे असते. बुंधा सटकला तर सरळ मागेच येतो ना! एवढं झाल्यावर करवत सुरू होते.

पडायच्या बाजूला खाच घ्यायची, मग मागून काप. दोन्हींच्या मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवायची. ती पट्टी म्हणजे झाडाची बिजागरी. दाराला बिजागरी असते म्हणून ते ठरल्या वाटेने फिरतं, तसंच झाड या पट्टीवर फिरत खाली येतं. तिची जाडी ढोबळमानाने खोडाच्या व्यासाचा दहावा हिस्सा. ती पूर्ण कापली की झाड कुठे जायचं ते स्वतः ठरवतं. मागच्या कापात प्लास्टिकची पाचर ठोकायची, प्रत्येक ठोक्यानंतर वर बघायचं. झाड हललं की तिरक्या वाटेने बाजूला. आणि झाड आडवं झाल्यावर कटर मिनिटभर नुसता उभा राहतो, वर बघत. शेजारच्या झाडांना घासून मोडलेल्या फांद्या सगळ्या लगेच पडत नाहीत. तो नुसता उभा असतो त्या मिनिटाचे पैसे मालक खुशीने देतो. टीव्हीला ते मिनिट परवडत नाही.

याच कार्यक्रमांत कधी कधी खोड उभं चिरत वर जाताना दिसतं आणि निवेदक आवाज चढवतो. इथे त्याला 'न्हाव्याची खुर्ची' असं नाव आहे. पुढे कललेलं झाड मागून सावकाश कापत गेलात, तर ताणाखाली ते कापायच्या आधीच फाटतं. मागचा अर्धा भाग उसळून वर येतो आणि कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर फिरतो. आमच्याकडचं रेड आल्डर हे झाड यात बदनाम आहे. उपाय ठरलेला आहे. करवतीचं पातं खोडात मधून घुसवायचं, बिजागरी तयार करून घ्यायची, मागे एक पट्टा ठेवायचा आणि तो शेवटी एका झटक्यात सोडायचा. हे नीट केलं की काहीच नाट्य होत नाही, म्हणून ते दाखवलं जात नाही. तुम्ही पाहिलेलं नाट्य ही चूक होती, आणि निवेदकाने तिला शौर्य म्हटलं.

आता कपडे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, खांद्यावरून गेलेले गॅलिस, खालून कापलेली पँट, खिळ्यांचे बूट आणि चहूबाजूंनी काठ असलेलं हेल्मेट हा इथला खराच पोशाख आहे. नवी पँट आणली की पहिलं काम कात्री घेऊन खालची दुमड कापून टाकायचं. शिवलेली दुमड फांदीत अडकली तर फाटत नाही, माणूस तोंडावर आपटतो. कापलेली कड टर्रकन फाटते आणि पाय सुटतो. बुटांच्या तळव्याला पोलादी खिळे असतात, कारण इथे वर्षातले बरेच महिने जमीन दिसते ती ओल्या ओंडक्यांच्या खाली. साध्या रबरी तळव्याने ओल्या, साल निघालेल्या ओंडक्यावर चालणं म्हणजे शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरण्यासारखं. या बुटांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि उच्चार मात्र 'कॉर्क'. बरोबर स्पेलिंगप्रमाणे उच्चारलंत, की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. मला पहिल्याच दिवशी कळलं.

मांड्यांवरच्या संरक्षकाला चॅप्स म्हणतात. ती काही जणांच्याच अंगावर असतात हे तुम्ही बरोबर हेरलंत, पण त्यात दरवेळी बेफिकिरी नसते. अमेरिकेच्या संघीय कामगार-सुरक्षा संस्थेचा, म्हणजे 'ओशा'चा, लाकूडतोडीचा नियम १९९५ पासून लागू आहे. पायाचं हे संरक्षण तो करवत चालवणाऱ्याला बंधनकारक करतो. उतारावर दोर अडकवणारा पोरगा करवतीला हात लावत नाही, त्याला चॅप्स घालून दिवसभर चढ-उतार करायला लावलं तर तो थकेल, आणि थकलेला पाय लवकर घसरतो. त्याला लागतात ते हातमोजे. पोलादी दोराच्या तुटलेल्या तारा काट्यांसारख्या उभ्या असतात. उघड्या हातातून असा दोर सरकला की तळवा किसणीवरून जातो.

चॅप्स करवतीला ढालीसारखी अडवतात असा समज आहे, तो चुकीचा. प्रशिक्षणाच्या पेटीत मी एक फाटलेली जोडी ठेवली आहे. डाव्या मांडीवर चारएक बोटं लांब चीर, आणि तिच्यातून पांढऱ्या धाग्यांचा पुंजका बाहेर आलेला, शेवरीचं बोंड फुटावं तसा. करवतीची साखळी सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने फिरते. वरचं कापड ती सहज फाडते, पण आतले लांब, चिवट धागे खेचले जाऊन दात्याच्या चक्रात गुंततात आणि साखळी जागच्या जागी अडकते. हे सगळं क्षणाच्या आत होतं. त्या जोडीच्या मालकाला मांडीवर एक लाल रेघ उठली होती. नव्या मुलांच्या हातात ती जोडी दिली की पुढचं व्याख्यान निम्मं करावं लागतं. एकदा कापलेली जोडी पुन्हा वापरायची नाही, आणि भोक पडलं म्हणून शिवायचीही नाही. शिवणीने धागे बांधले जातात आणि बाहेर यायचे तेव्हा येत नाहीत. वायर लावून चालणाऱ्या विजेच्या करवतीच्या बाबतीत या धाग्यांवर विसंबू नका. तिची मोटर अडकल्यावरही जोर लावत राहते.

करवतीबद्दल एवढं पुरे. तुमचा मुख्य प्रश्न 'मग माणसं का मरतात' हा आहे, आणि त्याचं उत्तर करवतीत फारसं नाही.

आकडे आधी. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्यानुसार २०२२ मध्ये दर एक लाख पूर्णवेळ लाकूडतोड कामगारांमागे १००.७ जण कामावर मेले. सगळे धंदे मिळून तो दर ३.७ होता. २०२३ मध्ये ९८.९ आणि ३.५. म्हणजे सरासरी नोकरीपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस पट धोका. यातले बहुतेक मृत्यू अंगावर काहीतरी आदळून होतात: झाड, फांदी, घरंगळलेला ओंडका, उसळलेला दोर. साखळीने कापून मरणारे त्यामानाने थोडे.

दोराची गोष्ट सांगतो, कारण टीव्हीवर ती सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी समजते. आमचे डोंगर इतके उभे की ओंडके ट्रॅक्टरने ओढता येत नाहीत. वर रस्त्याच्या कडेला एक सपाटी करतात. तिथे यार्डर नावाचं यंत्र उभं असतं. त्याला पोलादी मनोरा, मनोऱ्याला मागून ताण देणारे दोर, आणि मनोऱ्यावरून दरीपलीकडच्या एखाद्या भक्कम बुडख्यापर्यंत ताणलेला इंचभर जाडीचा मुख्य दोर. त्या दोरावरून एक गाडी धावते, आपल्याकडच्या रोपवेसारखी. गाडी खाली आली की पोरं लटकणारे फास ओंडक्यांना अडकवतात, बाजूला होतात, आणि यार्डर ओंडके वर ओढून घेतो. फासाला चोकर म्हणतात, अडकवणाऱ्या पोराला चोकर सेटर. नवा माणूस इथूनच सुरू करतो, आणि कार्यक्रमातलं 'नवं पोरगं' नेहमी हेच काम करताना दिसतं.

एक इंची पोलादी दोर चाळीस टनांहून जास्त ताण दिल्यावर तुटतो. तो तुटला की काय होतं ते सांगायची गरज नाही. पण न तुटताही तो मारतो, आणि ते मला माझ्या पहिल्या आठवड्यात कळलं. नोव्हेंबर होता, पाऊस बारीक, पण थांबायचं नाव नाही. मी वही घेऊन टोळीबरोबर उतारावर उभा होतो. गाडी वर गेलेली, खाली एक दोर एका बुडख्याला वळसा घालून सैल पडला होता, अगदी आळसावलेल्या धामणीसारखा. त्या वळशाच्या आतल्या बाजूला मी उभा होतो, कारण तिथे जमीन जरा सपाट होती आणि वही भिजत नव्हती. टोळीचा रिगिंग स्लिंगर, म्हणजे फास अडकवणाऱ्या पोरांवर देखरेख करणारा, पन्नाशीचा, एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. त्याने माझी कॉलर धरली आणि मला पंधरा-वीस पावलं वर ओढत नेलं. बोलला काहीच नाही. मग त्याने कमरेच्या रेडिओचं बटण दाबलं, वर यार्डरचा भोंगा वाजला, आणि तो आळसावलेला दोर बुडख्यावरून सुटून एका क्षणात सरळ झाला. मी उभा होतो तिथली नेची कमरेच्या उंचीवर साफ कापली गेली. त्यानंतर तो बोलला, ते बरंच होतं, आणि त्याचा सारांश 'वळशाच्या आत उभा राहू नकोस' एवढाच होता.

दोराच्या वळशाच्या आत उभं राहायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. सैल दोर ताणला गेला की तो सरळ रेषेत यायला बघतो, आणि मध्ये जे येईल ते बाजूला करतो. पुढच्या वेळी कार्यक्रम बघाल तेव्हा निवेदकाचा आवाज बंद करा आणि फक्त माणसांचे पाय बघा. भोंगा वाजण्याआधी सगळे वरच्या अंगाला, ओंडक्यांच्या मागे आणि दोराच्या बाहेर गेलेत का? चांगली टोळी जाते, आणि सगळे दिसेपर्यंत बटण दाबत नाही. कॅमेरावाला मात्र बरेचदा जागा चांगली मिळते म्हणून नको तिथे उभा असतो. चित्रीकरणाच्या जागेवर आमच्यासारख्याला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच असते.

त्या भोंग्यांबद्दलही विचारलंत. ते खरे आहेत. पूर्वी तारेने शिट्टी वाजवणारं एक पोरगं उतारावर बसवलेलं असे. आता कमरेला रेडिओ असतो, बटण दाबलं की यार्डरचा भोंगा तितक्यांदा वाजतो. सगळ्या जागेला एकाच वेळी कळतं की काय हलणार आहे. दोर चालू असताना एक छोटा भोंगा म्हणजे थांबा, आणि तो कोणीही देऊ शकतो, कालच कामाला लागलेला पोरगासुद्धा. टीव्हीवर मुकादम ओरडतो तेच लक्षात राहतं. प्रत्यक्षात यंत्रांच्या आवाजात ओरडणं ऐकूच येत नाही.

कार्यक्रमात माझ्या मनाविरुद्ध जाणारी गोष्ट म्हणजे कुठल्या टोळीने किती ट्रक भरले याची चुरस. मालाचा दबाव खराच असतो; पाऊस वाढला, रस्ता खचला, लाकडाचा भाव पडला, तर मालकाचे हप्ते थांबत नाहीत. पण शेजारच्या डोंगरावरच्या टोळीशी शर्यत कोणी लावत नाही. शुक्रवारी दुपारी 'अजून एक ट्रक' म्हणणारा मुकादम मला करवतीपेक्षा धोकादायक वाटतो.

यंत्रांचा विषय लवकर उरकतो. जिथे उतार परवानगी देतो तिथे आता झाड माणूस पाडतच नाही. फेलर बंचर नावाचं यंत्र खोड पंजात धरतं, कापतं आणि आडवं ठेवतं. चालक पोलादी पिंजऱ्यात, जाड पॉलिकार्बोनेटच्या खिडकीमागे. ती खिडकी एवढी जाड का? यंत्राच्या करवतीची साखळी तुटली तर तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, म्हणून. अगदी उभ्या उतारांवर आता यंत्राला वरून दोराने धरून खाली सोडतात. माणसाला काचेच्या आत नेणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा सुधार, पण जॉयस्टिक हलवणारा माणूस कोण बघणार? डिस्कव्हरीवर २००९ मध्ये 'स्वॅम्प लॉगर्स' आला, तो नॉर्थ कॅरोलायनाच्या दलदलीतला. तिथे यंत्रं भरपूर दिसतात, आणि नाट्य असतं ते यंत्र चिखलात रुतण्याचं. सुरक्षेच्या दृष्टीने मला तो कार्यक्रम जास्त प्रामाणिक वाटला, कारण खऱ्या लाकूडतोडीत निम्मा दिवस काहीतरी बंद पडलेलं असतंच.

आणखी एक गोष्ट पडद्यावर क्वचितच येते. इथल्या नियमानुसार टोळीतल्या प्रत्येकाला, मुकादमासकट, प्रथमोपचार यावे लागतात. चांगल्या जागेवर सकाळच्या पाच मिनिटांत जागेचे अक्षांश-रेखांश, रस्त्याचा मैल, रेडिओचा चॅनेल आणि हेलिकॉप्टर कुठे उतरेल ते सांगितलं जातं. मी पाहणीला गेलो की यंत्राला हात लावायच्या आधी सगळ्यात नव्या मुलाला विचारतो, आपण आत्ता कुठे आहोत? त्याला सांगता आलं, तर बाकी जागा बहुधा ठीक निघते.

आता तुमचा फोटो. बर्म्युडा आणि स्लिपर यांचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही विचारलंत. मागून उघडी असलेली चॅप्स घ्या, पूर्ण पँट नको. कोकणच्या मे महिन्यात ती कोणी घालून ठेवत नाही, आणि न घातलेल्या साधनाचा उपयोग नाही. जाळी आणि कानपट्टी जोडलेलं हेल्मेट, पायात घट्ट बूट, दोन प्लास्टिकच्या पाचरी. करवत खांद्याच्या वर न्यायची नाही, शिडीवर चढून चालवायची नाही, पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकू द्यायचा नाही. तो टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते. झाडापासून झाडाकडे जाताना साखळीचा ब्रेक लावा. वाळलेलं झाड हिरव्यापेक्षा जास्त अवघड, कारण बिजागरीचं लाकूड कुजलेलं असेल तर ती धरत नाही, आणि पाचर ठोकताना वरची वाळकी फांदी सुटते.

पण फोटो उघडल्यावर माझी नजर तुमच्या पायांवर गेली नाही, त्या मुलावर गेली. झाड अंदाजे चाळीस फूट दिसतं. दोर मध्यावर बांधला आहे आणि मुलगा बुंध्यापासून फार तर पंचवीस फुटांवर, तुम्ही खाच घेतली आहे त्याच बाजूला. म्हणजे सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं, तरी झाड त्याच्यावरच पडणार. 'आला की पळ' असं तुम्ही त्याला सांगितलं असणार. ताणलेला दोर सोडून, मान वर ठेवून, काजूच्या पाचोळ्यात तो किती वेगाने पळेल? आमच्याकडे पडणाऱ्या झाडापासून त्याच्या उंचीच्या दुपटीच्या आत कटरशिवाय कोणी उभं राहत नाही. तुमच्या झाडाला ते ऐंशी फूट. ऐंशी फूट जागा नसेल तर दोर दुसऱ्या झाडाच्या बुंध्यावरून वळवून घ्या, म्हणजे ओढणारा बाजूला राहतो, आणि तो वळशाच्या बाहेर उभा आहे ना ते बघा. बाजारात गेलात की चॅप्सच्या आधी दोर घ्या. आता आहे त्याच्या तिप्पट लांबीचा.